वाढवायला सबुरी, कमी करायला घाई

इन्सुलिनचा डोस कोण ठरवतं, या प्रश्नाला आमच्या घरी एकेकाळी जितकी माणसं तितकी उत्तरं होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक आकडा असायचा. आई ताटातल्या भाताकडे बघून "आज दोन पॉइंट वाढव बाबू" म्हणायची. धाकटा भाऊ नागपूरहून फोनवर रीडिंग ऐकायचा आणि भलताच आकडा सांगायचा. शेजारचे काकाजी स्वतः बरीच वर्षं सुई घेतात, त्यामुळे त्यांचंही मत असायचं. प्रत्येकाचा जीव आईवर, आणि प्रत्येकाला शुगर खाली आणायची घाई. लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावात ही तऱ्हा काही आमच्या एकट्याच्या घरची नव्हती. ज्या घरात इन्सुलिनची शीशी आहे, तिथं थोड्याफार फरकानं हेच चालतं.

इन्सुलिन सुरू करणं, त्याचा प्रकार ठरवणं, मूळ डोस लिहून देणं हे डॉक्टरांचं काम. त्यात घरच्यांनी लुडबूड करू नये. पण डॉक्टरांच्या दोन भेटींमध्ये महिने जातात आणि सुई रोज टोचावी लागते. मधल्या दिवसांत जेवण पुढंमागं होतं, उपवास येतात, ताप येतो, शेतीची कामं येतात. अशा दिवशी काय करायचं, हे सिरिंज ज्याच्या हातात असते त्याला शिकावंच लागतं. टोरांटोच्या रुग्णालयात ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्यानंतर थोड्याच काळात बॉस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना इन्सुलिनचा हिशेब शिकवू लागले होते. औषध घरी टोचायचं तर हिशेबही घरी यायला हवा, हे शंभर वर्षांपूर्वीच लोकांना कळलं होतं. आम्हाला ते एका रोवणीत कळलं.

रोवणीतली रात्र

आई साठी ओलांडलेली, अंगानं काटक. तिला ३०/७० इन्सुलिन दिवसातून दोनदा, न्याहारीच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी, सोबत ग्लिमेपिराइडची गोळी. त्या वर्षी मे महिन्यात लग्नसराई जोरात होती. मांडवात बसणं, पंगती, घरी आंब्याचा रस, उन्हामुळं दुपारभर घरातच. सकाळची उपाशीपोटीची शुगर दोनशेच्या वर जाऊ लागली. डॉक्टरांनी वही पाहिली आणि दोन्ही वेळचे डोस वाढवून दिले. वहीत जे लिहिलं होतं त्यावरून तो निर्णय बरोबरच होता. जूनमध्ये आकडे खालीही आले.

मग पाऊस लागला, पऱ्हे रोवणीला आले. रोवणीच्या दिवसांत आईला घरी बसवणं आमच्याच्यानं कधी झालं नाही. "मागं घरचं माणूस नसलं का रोवणी पातळ होते," हे तिचं ठरलेलं. सकाळी नेहमीइतकी सुई घेऊन ती बांधीत उतरली. दिवसभर चिखलात वाकून काम, शिदोरी सुटली ती दुपार कलल्यावर. संध्याकाळी घरी येऊन तपासली तर ११२. सगळे खूश. नेहमीइतकी सुई दिली. अंग मोडून आलं होतं, चार घास खाऊन ती आडवी झाली.

मध्यरात्र उलटल्यावर बायकोला आवाज आला. आई खाटेवर उठून बसली होती आणि "बैल सोडले का?" असं विचारत होती. आमचे बैल विकून जमाना झाला. बाहेर पाऊस, हवा गार, आणि तिचं लुगडं घामानं भिजून अंगाला चिकटलेलं. हाक मारली की बघायची, पण ओळखत नव्हती. मीटरवर ४१ आले. गिळता येत होतं, म्हणून पाण्यात साखर विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ५८. पुन्हा साखरपाणी. मग ९३. त्यावर वरणभात भरवला. सकाळी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, लगेच घेऊन या, या गोळीचा अंमल लांब चालतो, शुगर पुन्हा पडू शकते. त्यांनी दिवसभर तिला ठेवून घेतलं, वरचेवर तपासलं, दोन्ही डोस खाली आणले आणि गोळी बंद केली.

नंतर तो दिवस आम्ही उलगडून पाहिला. सुई वेळेवर, आकडा चिठ्ठीतलाच, जेवणही झालेलं. बोल लावावा असं काही सापडेना. मे महिन्यात मांडवात बसणाऱ्या बाईसाठी लिहिलेला डोस जुलैत चिखलात वाकणाऱ्या बाईला दिला गेला होता, एवढंच. मेहनत करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढतात. काम थांबल्यावर त्यांची रिकामी झालेली कोठारं भरायला लागतात, आणि ते काम रात्रभर चालू राहतं. त्यामुळं बांधीत ठणठणीत असलेलं माणूस खाटेवर गार पडतं. कष्टाच्या दिवसानंतर, पुरा डोस टोचण्याआधी दिसलेले ११२ हा सावध होण्याचा आकडा असतो.

दोन्ही बाजूंचा धोका सारखा नाही

त्या रोवणीनंतर घरात एक नियम बसला: वाढवायला सबुरी, कमी करायला घाई.

शुगर चार दिवस २२० राहिली तर ते चांगलं नाहीच, पण डोळे, मूत्रपिंड, पाय यांचं नुकसान वर्षांच्या हिशेबानं होतं. शुगर ४० झाली तर एका रात्रीत होत्याचं नव्हतं होऊ शकतं. तरीही बहुतेक घरांत उलटंच चालतं. २५० दिसले की धावपळ, आणि ६५ दिसले की "बघा, कशी कंट्रोलमध्ये आली" म्हणून समाधान. ७० च्या खालची शुगर ही पडलेलीच शुगर, मग माणसाला काही त्रास होवो वा न होवो. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर.

शुगर जितकी खाली तितकं बरं, हा समज मोठ्या प्रमाणावर तपासूनही पाहिला गेला आहे. अमेरिका आणि कॅनडात 'अकॉर्ड' नावाची चाचणी झाली. दहा हजारांवर मधुमेही, सगळे हृदयविकाराचा धोका असलेले. त्यातल्या अर्ध्या लोकांचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, औषधांच्या जोरावर ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न होता. फेब्रुवारी २००८ मध्ये ती बाजू मध्येच थांबवावी लागली, कारण काटेकोर गटात २५७ मृत्यू झाले होते आणि नेहमीच्या गटात २०३. ते सगळे शुगर पडूनच झाले असं नाही. पण वय झालेल्या, इतर आजार असलेल्या माणसाच्या मागं लागून आकडा खाली दामटू नये, एवढा धडा त्यातून डॉक्टरांनी घेतला. अशा माणसासाठी एचबीए१सी ८ च्या आत असलं तरी पुरे मानतात. आपल्या माणसासाठी कोणता आकडा पुरेसा आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. ते माहीत नसलं की घरातला प्रत्येकजण मनातल्या मनात १०० धरून चालतो.

सबुरी म्हणजे किती? एकाच वेळेची रीडिंग निदान तीन दिवस सलग चढी असावी, आणि रस, पंगत, ताप, चुकलेली सुई असं उघड कारण सापडू नये. मगच वाढवण्याचा विषय काढायचा. बहुतेक डॉक्टर एका वेळी दोन युनिट किंवा दहा टक्क्यांच्या आसपास वाढवतात, तेही एकाच वेळच्या डोसात, आणि पुन्हा काही दिवस थांबून बघतात. रात्री झोपताना ३०० दिसले म्हणून जादा सुई देणं हा सगळ्यात वाईट उपाय. संध्याकाळच्या सुईचा अंमल अजून चालूच असतो. त्यावर दुसरी पडली की दोन्हींचा जोर पहाटे एकत्र येतो.

घाई म्हणजे किती? कारण कळत नसताना एकदा जरी ७० च्या खाली गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. पुढची सुई टोचण्याआधी. साधारणपणे ज्या सुईमुळं शुगर पडली तिचा डोस १० ते २० टक्क्यांनी उतरवतात, म्हणजे २० युनिट असतील तर १६ ते १८. ५४ च्या खाली गेली असेल तर याहून जास्तही उतरवतात. हे आकडे इथं सांगतो ते अंदाज यावा म्हणून. तुमच्या घरी चालणारा आकडा तुमच्या डॉक्टरांच्या हातचा, कागदावर लिहिलेला हवा. फोन लागला नाही तर किती कमी द्यायचं, हेही त्याच कागदावर आधीच लिहून घ्यावं.

घरात टाइप १ मधुमेह असलेलं मूल असेल तर एक गोष्ट वेगळी. त्याच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच, त्यामुळं मूल जेवत नाही म्हणून सुई पूर्ण बंद करणं जिवावर बेततं. कमी किती करायचं ते विचारावं, बंद मात्र करू नये. अशा मुलांच्या गरीब घरांना नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टचा मोठा आधार आहे. तिथून इन्सुलिन मिळतं आणि ते वापरायचं कसं याचं शिक्षणही.

कोणती रीडिंग कोणत्या सुईची

सकाळी उपाशीपोटी शुगर जास्त दिसली की सकाळची सुई वाढवायची, असं कोणालाही वाटतं. आमच्याकडेही सगळ्यांचा कल तिकडेच असायचा. पण ३०/७० सारखं मिश्र इन्सुलिन दिवसातून दोनदा घेणाऱ्याच्या बाबतीत सकाळचा आकडा हा आदल्या संध्याकाळच्या सुईचा निकाल असतो. सकाळच्या सुईचा निकाल रात्रीच्या जेवणाआधी दिसतो. सकाळी जास्त दिसली म्हणून सकाळची सुई वाढवली तर रात्रीचा प्रश्न तसाच राहतो आणि दुपारी शुगर पडते. दिवसातून एकदाच घ्यायच्या ग्लार्जिनसारख्या लांब चालणाऱ्या इन्सुलिनचा हिशेब मुख्यतः उपाशीपोटीच्या आकड्यावर होतो. आपलं इन्सुलिन कोणत्या जातीचं आणि त्याचा निकाल कोणत्या वेळी बघायचा, हे आधी समजून घ्यावं.

उपाशीपोटीची शुगर सतत जास्त येत असेल तर संध्याकाळचा डोस वाढवण्याआधी एक-दोन रात्री तीनच्या सुमाराला उठून तपासावी. त्या वेळी ती ७०-८० च्या घरात असेल तर डोस वाढवून चालणार नाही. सकाळची वाढ पहाटे शरीरात तयार होणाऱ्या संप्रेरकांची असू शकते किंवा इन्सुलिनचा अंमल लवकर ओसरत असेल. त्यावर वेळ किंवा प्रकार बदलायचा, ते डॉक्टर सांगतात. झोपमोड होते खरी, पण या एका रीडिंगवर पुढचे महिने सुखाचे जातात.

आधी आकडा खरा का ते बघा

चैताच्या तोंडावर मोह टपकू लागला की आई पहाटेच टोपली घेऊन जाते. एकदा आल्या आल्या तिनं बोट पुढं केलं, मीटरवर ३१८. रात्री काही वेडंवाकडं खाल्लेलं नव्हतं. तिची बोटं चिकट होती, मोहफुलाचा वास येत होता. साबणानं हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट टोचलं तर १७१. मोहफूल साखरेनं ठासून भरलेलं असतं, आणि मीटरला लागतो तो रक्ताचा इवलासा थेंब. बोटावरचा रस त्यात मिसळला की आकडा कुठल्या कुठं जातो. जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये हेच फळं सोलणाऱ्या हातांवर दाखवलं. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसूनही आकडा चढाच आला, पाण्यानं हात धुतल्यावर बरोबर आला. आंबा, सीताफळ, गूळ, काहीही हाताळलं असेल तर आधी हात धुवा. विश्वास बसणार नाही असा आकडा आला तर दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय सुई भरू नका.

मीटरचीही एक मर्यादा असते. १०० च्या वरच्या शुगरला १५ टक्के इकडंतिकडं हे आंतरराष्ट्रीय मानकातच बसतं. म्हणजे १७० आणि १९० हे वहीत वेगळे दिसले तरी हिशेबात एकच धरावेत. पट्ट्यांची मुदत संपलेली असेल किंवा डबी उघडी राहून ओल लागलेली असेल तर तोही भरवसा उरत नाही.

पूर्व विदर्भातल्या आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडे सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. एचबीए१सी मोजलं जातं ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवर. सिकलसेलचा आजार असेल तर लाल पेशी लवकर मरतात आणि हा आकडा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. लोहाच्या कमतरतेमुळं रक्त कमी असेल तर उलट जास्त दिसू शकतो. सिकलसेलचं नुसतं वाहक असणंही तपासणीच्या काही पद्धतींत गोंधळ करतं. घरात सिकलसेल असल्याचं किंवा रक्त कमी असल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा, म्हणजे ते एचबीए१सीवर विसंबून डोस न बदलता वहीतल्या रोजच्या आकड्यांवर बदलतील.

दोष डोसचा की सुईचा

आपल्याकडे शीशीतलं इन्सुलिन बहुधा ४० चं मिळतं, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनातल्या कार्ट्रिजमधलं १०० चं असतं, आणि १०० च्या सिरिंजची टोपी नारिंगी. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर ते २० युनिट नसतात. अर्धा मिलीलीटर भरलं गेलं, म्हणजे ५० युनिट. माणूस जिवानिशी जाऊ शकतं इतका हा फरक आहे. उलट ४० च्या शीशीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत घेतलं तर पोटात जातात फक्त ८ युनिट. शुगर चढते आणि घरचे डोस वाढवत बसतात. औषधाच्या दुकानात सिरिंज घेताना हातात शीशी धरून उभं राहा. दोन्हींवरचा आकडा जुळला तरच पैसे द्या.

३०/७० इन्सुलिन दुधाळ असतं आणि शीशी उभी राहिली की खाली बसतं. दोन्ही तळव्यांत ती हलकेच घोळवून आणि खालीवर उलटी करून एकसारखी दुधाळ झाली की मगच भरावी. घुसळल्यासारखी हलवू नये. गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले पांढरे कण दिसले तर ती शीशी टाकून द्यावी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. न उघडलेली शीशी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलं असतं. फ्रिज नसेल, लाइट जात असेल तर मडक्याचा उपाय चांगला: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डब्यात बंद करून शीशी, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतलं तापमान मोजून जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी २०२१ मध्ये दाखवलं की २५ ते ३७ अंशांमध्ये चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद टिकली. ४५ अंशांच्या दुपारी मोटरसायकलच्या डिक्कीत राहिलेल्या शीशीला ही हमी लागू नाही. वापरात घेतलेल्या शीशीवर उघडल्याची तारीख लिहा आणि वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीनंतर, बहुधा चार ते सहा आठवड्यांनी, ती बदला.

रोज त्याच जागी टोचलं की पोटावर मऊ गाठी येतात. तिथं दुखत नाही म्हणून माणसं मुद्दाम तिथंच टोचतात, आणि इन्सुलिन तिथून कधी लागतं, कधी लागत नाही. महिन्यातून एकदा पोटावरून हात फिरवून गाठी शोधा, जागा बदलत राहा. एक सावधगिरी मात्र घ्या. गाठीत टोचत असताना वाढवत नेलेला डोस चांगल्या जागी टोचला की तो सगळाच्या सगळा लागतो आणि शुगर पडते. जागा बदलण्याआधी डोस उतरवायचा का, ते विचारा.

वर्षभराचे वाकडे दिवस

रोवणी, निंदण, धान कापणी, चुरणं हे कष्टाचे दिवस आधीच माहीत असतात. त्यांच्या आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून त्या दिवसांचा वेगळा डोस ठरवून घ्या. शिदोरीची वेळ मात्र घरच्यांनीच सांभाळायची. रात्री झोपण्यापूर्वी एकदा तपासायचं आणि आकडा शंभराच्या आसपास असेल तर काहीतरी खायला द्यायचं.

हरतालिका, एकादशी, नवरात्र. उपवासाला पूर्ण नकार दिला तर आमच्याकडच्या बाया ऐकत नाहीत, हे खरं. मग निदान लपवू तरी नका. दिवसभर पोट रिकामं आणि सुई पुरी, हे जमणार नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यानं शुगर झपाट्यानं चढते आणि मग कोणीतरी डोस वाढवतं. दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, जेवणाला रात्रीचे अकरा वाजतात. सुई घड्याळ बघून देऊ नये. ताट नक्की कधी येणार ते कळल्यावर द्यावी.

तापात माणूस जेवत नाही, तरी शुगर चढते. अशा वेळी सुई आपल्या मनानं बंद करू नये, दर चार-सहा तासांनी तपासावं, आणि उलट्या थांबत नसतील तर दवाखाना गाठावा. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी किंवा अंगावर पुरळ आलं म्हणून स्टेरॉइड दिलं गेलं की शुगर दुपारनंतर उसळते. त्या दिवसांपुरता डोस वाढवला असेल तर स्टेरॉइड उतरताना तोही उतरवायला हवा. तिथंच घरोघरी विसर पडतो. आणि काहीही बदललेलं नसताना जुन्याच डोसवर शुगर वारंवार पडू लागली तर आनंद मानू नका. मूत्रपिंड थकलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं. क्रिएटिनिन तपासून घ्या.

शुगर पडली तर

घाम, थरथर, धडधड, भूक ही नेहमीची लक्षणं. म्हातारपणी, जुन्या मधुमेहात किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांवर ती नीट दिसत नाहीत. माणूस चिडतं, भलतंसलतं बोलतं, जीभ अडखळते, आणि लोकांना वाटतं प्यालेलं आहे. तपासायला वेळ नसेल तर पडली आहे असं धरून चाला. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन ते चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी तपासा, ७० च्या वर येईपर्यंत हेच करा, मग जेवू घाला. पेढा किंवा लाडू देऊ नका, तुपामुळं साखर उशिरा लागते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साधी साखरही उशिरा लागते, तिथं ग्लुकोज पावडरच हवी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. एका कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आमच्या घरी आता वही एक आहे आणि पेन बायकोच्या हाती. तारीख, वेळ, शुगर, सुई आणि शेवटच्या रकान्यात दिवस कसा गेला: "रोवणी", "लग्न, रस", "ताप", "जेवण उशिरा". नागपूरच्या भावाला फोटो जातो, आकडा सांगायची मुभा नाही. काकाजी अजून मत देतात, चहाही घेतात. आईच्या उशाशी आणि शिदोरीच्या डब्यात ग्लुकोजची पुडी असते. डॉक्टर आता वही उघडतात ती शेवटच्या रकान्यापासून.

पुढच्या भेटीला जाल तेव्हा एक कोरा कागद न्या आणि तिथंच लिहून घ्या: आमच्या माणसाची शुगर किती ते किती चालेल, किती दिसली तर सुई किती कमी द्यायची, किती दिसली तर देऊच नये, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, आणि कष्टाच्या व उपवासाच्या दिवशी काय करायचं. वाढवण्याचा प्रश्न त्या कागदावर नसला तरी चालेल. तो पुढच्या भेटीपर्यंत थांबू शकतो.